बटनाची चप्पल

वच्छलाबाईच्या खोलीत दाराच्या आत, विजेच्या बटनांच्या खाली, एका खिळ्याला निळ्या रबरी चपलांचा जोड टांगलेला असायचा. त्या चपला घालून कुणी कधी बाजारात गेलं नाही. त्या घालायच्या, बटन दाबायचं, काढायच्या आणि पुन्हा खिळ्याला अडकवायच्या. घरात पायताण घालून फिरलेलं वच्छलाबाईला मुळीच खपत नसे. पण अनवाणी पायानं बटनाला हात लावला की कोपरापर्यंत मुंग्या यायच्या, आणि पलीकडं न्हाणीत कुणी पाणी ओतत असलं तर मुंग्यांऐवजी चांगला सणका बसायचा. म्हणून हा उपाय. घरात त्या जोडाला 'बटनाची चप्पल' म्हणत. न्हाणीच्या पलीकडच्या खोलीत ताहेरा राहायची, तिच्याकडंही तसाच एक जोड होता, लाल रंगाचा.

मुकुंदवाडीच्या बाजूला, रेल्वे रुळाच्या अलीकडं पुंजारामनं बांधलेली आठ खोल्यांची एक रांग होती. लोक तिला पुंजारामची लाईन म्हणायचे. चार खोल्या अलीकडं, चार पलीकडं, मधे सगळ्यांची मिळून एक न्हाणी आणि दोन संडास, वर पत्रे. तोंडाशी पुंजारामचं स्वतःचं घर, त्याला मोठा ओटा आणि ओट्याशेजारी शेवग्याचं झाड. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात उभी हयात काढून पुंजाराम निवृत्त झाला होता. नोकरीत असताना दर दोन-तीन वर्षांनी त्यानं एकेक खोली वाढवली. आणि जशी खोली वाढली तशी वायरही वाढवली. पहिल्या खोलीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत, असं करत एकच वायर पत्र्याच्या कडेनं आठव्या खोलीपर्यंत गेली होती.

वीस वर्षांपूर्वी वच्छलाबाई कन्नडकडून या शहरात आली तेव्हा कपाळ मोकळं आणि काखेत पाच वर्षांचा गोकुळ होता. एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. पुंजारामनं चौथी खोली उघडून दिली. त्याला सख्खी बहीण नव्हती. त्या वर्षीच्या भाऊबीजेला वच्छलाबाईनं त्याला ओवाळलं आणि तेव्हापासून ती त्याची बहीण झाली. दर भाऊबीजेला लुगडं, आणि शेवगा लागला की रोज सकाळी दारात शेंगांची जुडी. अशा भावाला भिंत ओली आहे म्हणून किती वेळा सांगणार? दोनदा सांगून झालं होतं. पहिल्यांदा तो म्हणाला, "दिवाळीनंतर बगू." दुसऱ्यांदा वच्छलाबाई म्हणाली, "भाऊ, भिंत चावती ओ." तर तो पोट धरून हसला. "भिंतीला दात आले का गं वच्छला?" त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. चप्पल टांगली आणि दिवस ढकलले.

पण आता गोष्ट वेगळी होती. सून तनुजा बाळंतपणाला पैठणला माहेरी गेली होती, आणि डिसेंबरात तिला मुलगी झाली. बारशाला वच्छलाबाई जाऊन आली. नातीचं नाव सायली ठेवलं. दिवसभर तिनं ते लेकरू मांडीवरून खाली ठेवलं नाही. निघताना ठरलं की सव्वा महिना झाला की तनुजा आणि सायली आपल्या घरी येणार. वच्छलाबाईनं परत येताच पत्र्याच्या आडव्या लोखंडी पाईपाला झोळी बांधली आणि ती रिकामीच हलवून पाहिली. सकाळी मेसमध्ये शंभर-सव्वाशे भाकरी थापून आली की ती त्या झोळीकडं बघत बसायची.

त्याच सुमारास एक दिवस घंटागाडीच्या भोंग्यावर कचऱ्याच्या गाण्याऐवजी भलतंच काही ऐकू आलं. भाड्यानं दिलेल्या प्रत्येक खोलीची महापालिका तपासणी करणार, तक्रार असो की नसो, गल्लीतलं एकही घर सुटणार नाही, भाडेकरूंनी आणि घरमालकांनी सहकार्य करावं. गाडी पुढं गेली, बाया ओल्या कचऱ्याच्या बादल्या घेऊन मागं धावल्या. मग पुंजाराम काठी टेकत लाईनीतून फिरला. "बायांनो, ऐकलं का? सोमवारी मोठे पाव्हणे येणार हायेत, तपासणीच्या मॅडम. माझी इज्जत तुमच्या हातात हाय. घरं जरा नीटनेटकी ठेवा."

पाहुणे म्हटल्यावर वच्छलाबाईला दुसरं काही सुचतच नाही. तिच्या माहेरी पाहुणा येणार म्हटलं की फाटकी गोधडी आत जायची आणि नवी वाकळ बाहेर यायची. रविवारी तिनं भिंतीचे पोपडे खरवडले, चुन्यात चिमूटभर नीळ घालून दोन हात दिले, पेटलेली शेगडी दिवसभर भिंतीशी ठेवली. तरी सांजच्याला ओलीचा डाग पुन्हा वर आलाच, अगदी ओला हात उमटल्यासारखा. मग तिनं पेटी उघडली, व्याह्यांनी लग्नात दिलेला जांभळा पलंगपोस काढला आणि तो भिंतीवर चार खिळ्यांना ताणून लावला. वर एक देवाचं कॅलेंडर. बटनाची चप्पल पेटीच्या तळाशी गेली.

सोमवारी सकाळी सहा वाजल्यापासून ती न्हाणीच्या दारात उभी. "कुणी आंघोळ करायची नाय. मॅडम जाईस्तोवर न्हाणी कोरडी पायजे."

"कायकू?" ताहेरा टॉवेल खांद्यावर टाकून आली होती. ताहेरा घरी पिको-फॉलचं मशीन चालवायची, आणि तिची जीभ मशीनपेक्षा चार टाके पुढंच असायची.

"पाणी पडलं की बटन चावतं, म्हायत नाय का तुला?"

"अगं मावशी, ते बघायलाच तर येतायत त्या!"

"पाव्हण्याला झटका देती का? चल, हो घरात."

"हौ, हौ. मॅडमच्या नावानं अख्खी लाईन बिनआंघोळीची," ताहेरा बडबडत परत गेली. पण गेली. वच्छलाबाईचं वय आणि तिच्या भाकरी, दोन्हींना लाईनीत मान होता. आणि खरं सांगायचं तर परत जाऊन ताहेरानंही आपली लाल चप्पल मशीनखाली सरकवलीच.

अकरा वाजता मॅडम आल्या. वच्छलाबाईला वाटलं होतं जाडजूड, चष्मेवाली कुणी येईल. ही तर गोकुळच्या वयाची पोर, डोक्यावरचं हेल्मेट काढून बगलेत धरलेलं, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाइलपेक्षा मोठी पाटी. "मी गजाला. झोन ऑफिसमधून आले," ती म्हणाली आणि सँडल काढून आत आली. तिनं खिडकी बघितली, पत्रा बघितला, बटन दाबलं. दिवा लागला. वच्छलाबाईनं श्वास रोखला होता तो सोडला.

"पलंगपोस छान आहे, मावशी."

"व्याह्यांनी दिलाय. पैठणचे हायेत."

"राहायला काही अडचण? पाणी, वीज, ओल?"

एवढं सरळ कुणी वीस वर्षांत विचारलं नव्हतं. वच्छलाबाईच्या तोंडाशी शब्द आलाही असेल. पण दारात पुंजाराम उभा होता, धुतलेलं धोतर नेसून. "नाय ओ मॅडम, समदं बरं हाय," ती म्हणाली. "पोहे केलेत, घ्या थोडे."

"नको मावशी. कामावर असताना काही घेता येत नाही आम्हाला. नियम आहे."

पाहुणी काही न खाता गेली, याचंच वच्छलाबाईला वाईट वाटलं. जाताना गजालानं चौकटीवर एक हिरवं कार्ड चिकटवलं. ती गेल्यावर वच्छलाबाईनं कार्डासमोर उभं राहून एकेक अक्षर जोडत वाचलं. रा-ह-ण्या-स यो-ग्य. तिला बरं वाटलं. पाहुण्यांपुढं घराची शोभा राहिली होती.

आठ दिवसांनी संक्रांत झाली आणि पैठणचे व्याही तिळाचे लाडू घेऊन आले. साधा, कमी बोलणारा माणूस. वच्छलाबाईनं धावपळ करत चहा टाकला. व्याह्यांनी दारात चपला काढल्या, नळाच्या चावीवर पाय धुतले आणि ओल्या पायांनी आत आले. भरदुपार, पण खोलीत अंधार. "लाईट लावतो," म्हणत त्यांनी बटनाकडं हात नेला. तेव्हाच पलीकडं न्हाणीत कुणीतरी अंगावर बादली ओतली.

व्याही हात झटकत मागं कोलमडले ते थेट पलंगपोसावर. चारही खिळे निघाले, कॅलेंडर पडलं, आणि त्यामागची हिरवी-काळी, घाम आलेली भिंत उघडी पडली. झोळी त्या भिंतीपासून हातभर अंतरावर लोंबत होती.

काही झालं नाही, दैव बलवत्तर. व्याही उठून बसले, चहाही प्यायले. मग कप खाली ठेवून हळू म्हणाले, "विहीणबाई, राग मानू नका. लेक तुमच्या घरची, नातही तुमची. पण ही भिंत दुरुस्त होईस्तोवर लेकरू आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या."

"व्हय," एवढंच वच्छलाबाई म्हणाली.

जाताना व्याही चौकटीपाशी थांबले. हिरवं कार्ड त्यांनी वाचलं, वच्छलाबाईकडं बघितलं आणि चपला घातल्या.

संध्याकाळी कंपनीच्या बसमधून गोकुळ उतरला. घडलेलं ऐकून तो कपडेही न बदलता पुंजारामच्या ओट्यावर गेला. "मामा, भिंतीचं आणि वायरीचं काम आता काढावंच लागंल. तिकडून लेकरू पाठवीना झालेत."

"काढू ना. पण घाई काय? सरकारी माणसानं येऊन खोली पास केलीय. कार्ड हाय ना दारावर? सरकारनं पास केली, म्या का नापास करू?"

गोकुळ परत आला आणि आईपुढं हात जोडून उभा राहिला. "माय, तू पलंगपोस का लावला?"

"पाव्हणी येणार व्हती म्हणून," वच्छलाबाई म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला स्वतःचंच हसू आलं आणि रडूही. जेवण झाल्यावर ताट सरकवून ती म्हणाली, "झाकलं म्या. उघडं बी म्याच करीन."

दुसऱ्या दिवशी भाकरीचं काम आटोपून ती झोन ऑफिसला निघाली. ताहेरा रिक्षात आधीच बसली होती. "मैं भी आती. तुझ्याकडं एक चप्पल, माझ्याकडं एक. दोन चपला मिळून अर्ज चांगला होईल." आणि तिनं खरोखरच आपला लाल जोड पिशवीत घेतला होता. वच्छलाबाईनं निळाही त्यात टाकला.

ऑफिसात गजाला एका टेबलाशी डबा उघडून बसली होती. वच्छलाबाईला बघून ओळखीचं हसली. वच्छलाबाईनं पिशवी टेबलावर ठेवली, निळी चप्पल काढली आणि सगळं सांगितलं. पलंगपोस, शेगडी, चुना, आणि आठ घरं बिनआंघोळीची ठेवली तेही.

गजालाचा घास हातातच राहिला. "मी बटन दाबलं होतं, मावशी."

"कोरड्यात दाबलं. म्हणून वाचलीस, पोरी." त्या क्षणी अहोजाहो गळलं ते वच्छलाबाईच्या ध्यानातही आलं नाही.

"चूक माझीही आहे. त्या दिवशी बावीस खोल्या होत्या. पलंगपोस उचलून बघायला हवा होता," गजाला म्हणाली. मग डबा बंद करून कागद पुढं ओढला. "फेरतपासणी लावते. आठही खोल्यांची एकदम. त्यामुळं कुणाच्या सांगण्यावरून ते कळणार नाही."

"पण घालवून दिलं तर?" ताहेरानं विचारलं. ती थट्टेत बोलत नव्हती आता. "मशीन घेऊन मैं कहाँ जाऊँ?"

"नोटीस चालू असेपर्यंत मालकाला खोली रिकामी करून घेता येत नाही. भाडंही वाढवता येत नाही. नोटिशीतच लिहिलेलं असतं ते."

वच्छलाबाई थोडा वेळ चपलेचा पट्टा चाचपत बसली. मग म्हणाली, "माझं नाव लपवू नका. त्यांना म्याच सांगते. भाऊबीजेला ओवाळते त्यांना, असं पाठीमागून बरं दिसत नाय."

"जशी तुमची मर्जी. पण मावशी, येत्या वेळी पलंगपोस नको."

"नाय."

"आणि आंघोळी करू द्या लोकांना."

ताहेरा एवढ्या मोठ्यानं हसली की बाजूच्या टेबलावरचा साहेब वळून बघायला लागला.

पुंजारामला सांगणं मात्र सोपं गेलं नाही. तो ओट्यावर शेंगा सोलत होता. वच्छलाबाई पायरीवर बसली आणि एका दमात बोलून मोकळी झाली. पुंजारामनं शेंग खाली ठेवली. "बहीण म्हणून ठेवली. वीस वर्ष! आन् तू हापिसात गेलीस?"

"तुमच्याकडं दोनदा आले व्हते, भाऊ. तुमी हसलात."

"मग तिसऱ्यांदा यायचं!"

"तिसऱ्यांदा व्याही आले. त्यांना झटका बसला."

पुंजाराम उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी दारात शेंगांची जुडी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. बाकीच्या सात दारांत मात्र आली. ताहेरानं आपल्यातल्या चार वच्छलाबाईला दिल्या. "रुसलाय तुझा भाऊ. खा, खा. रुसव्याच्या शेंगा गोड लागतात." वच्छलाबाईनं आमटी केली, पण तिला चव लागली नाही.

ठरल्या दिवशी गजाला आली तेव्हा खोली जशी होती तशीच होती. भिंत उघडी, पोपडे जमिनीवर पडलेले, चप्पल खिळ्याला. न्हाणीत ताहेरा मुद्दाम कपडे धूत होती आणि बादल्यावर बादल्या ओतत होती. पुंजारामही मागोमाग आला. सवयीनं त्यानं जोडे उंबऱ्याबाहेर काढले आणि अनवाणी आत शिरला. वच्छलाबाईकडं त्यानं बघितलं नाही.

"मॅडम, या बायांना काय कळतंय? थोडी ओल कुठल्या घरात नसती? वायर पक्की हाय, म्या स्वतः ओढलीय." आणि दाखवायला म्हणून त्यानं हात बटनाकडं नेला.

"भाऊ, चप्पल!"

वच्छलाबाई अशी ओरडली की पुंजारामचा हात हवेतच थबकला. तिनं खिळ्यावरून निळी चप्पल ओढली, खाली बसली आणि त्याच्या पायापुढं ठेवली. "ही घाला आदी. मग दाबा."

पुंजारामनं चपलेकडं बघितलं, खिळ्याकडं बघितलं. त्या खिळ्याभोवतीचा चुना रोजच्या हातानं काळा झाला होता. "ही... ही बटनासाठी हाय?"

"सहा वर्ष झाली."

गजालानं तोवर टेस्टर काढला होता. तो बटनाला नाही, नुसत्या ओल्या भिंतीला लावला. टेस्टरमधला लाल दिवा पेटला. पुंजाराम कारखान्यात जन्म काढलेला माणूस. त्या दिव्याचा अर्थ त्याला कुणी सांगायला नको होता. तो तसाच उंबऱ्यावर बसला.

"सहा वर्ष," तो म्हणाला. "तुझी सून इथंच नांदली. वच्छला, अगं, काठीनं मारून सांगायचं हुतं मला."

"म्या पण पलंगपोस लावला ना, भाऊ."

गजालानं मीटर बघितला, पत्र्याची कड बघितली, न्हाणी बघितली. मग ओट्यावर बसून तिनं पुंजारामला नोटीस वाचून दाखवली. विजेचं काम सात दिवसांत, ते झाल्याशिवाय वीज जोडायची नाही. न्हाणीचे पाईप, ओल आणि खिडक्या महिन्यात. एका वेळी दोनच खोल्या उघडायच्या, आणि तिथल्या माणसांची सोय मालकानं करायची. काम परवानाधारक वायरमनकडूनच करायचं, त्यांची यादी सोबत आहे. वेळेत झालं तर वर्षाच्या घरपट्टीत सूट.

शेवटच्या वाक्यावर पुंजारामनं मान वर केली. "सूट म्हणजे किती?"

"आधी पाईप बदला, काका," गजाला म्हणाली, आणि वच्छलाबाईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

संध्याकाळी तिच्या दारात शेंगांची जुडी होती. नेहमीपेक्षा मोठी.

काम सुरू झालं आणि लाईनीला लग्नघराची कळा आली. वच्छलाबाईची आणि ताहेराची खोली आधी घेतली, कारण न्हाणी त्या दोघींच्या मधे. दोघींचं सामान पुंजारामच्या ओट्यावर आलं. एका कोपऱ्यात वच्छलाबाईची चूल, दुसऱ्यात ताहेराचं मशीन, पण पायानं चालवायचं जुनं, कारण वीज बंद होती. सहा दिवस पुंजाराम तिथंच गरम भाकरी जेवला. "घरी अशी मिळत नाय," असं तो आतल्या बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणायचा, आणि ती आतून म्हणायची, "आलं ऐकू."

वायरमननं अर्थिंगसाठी मीटरजवळ कंबरभर खड्डा खणला, त्यात तांब्याची पट्टी उभी केली आणि वच्छलाबाईकडं मीठ मागितलं. कोळशाचा एक थर, मिठाचा एक थर. वच्छलाबाई खड्ड्याच्या काठावर उभी राहून बघत होती. "काय ओ, जमिनीचं लोणचं घालताय का?"

"मावशी, हे लोणचं मुरलं की भिंत चावायची नाय," वायरमन म्हणाला. मग त्यानं प्रत्येक खोलीला वेगळी वायर ओढली आणि मीटरशेजारी एक छोटं यंत्र बसवलं. कुठं वीज गळायला लागली की माणसाला इजा व्हायच्या आत हे सगळी लाईट पाडतं, असं त्यानं सांगितलं. पुंजारामनं ते पाच वेळा त्याच्याकडून पाडून घेतलं, खात्री म्हणून.

गवंड्यानं न्हाणीची भिंत फोडली तेव्हा पुंजाराम जवळच उभा होता. आत पाईपाचा एक जोड होता. त्यावर कापडाची चिंधी गुंडाळलेली, त्यावर घट्ट रंग. चिंधी कुजून गेली होती आणि जोडातून थेंब थेंब पाणी भिंतीत जिरत होतं. किती वर्षं, देव जाणे.

"हे कुणी बसवलं?" गवंडी हसायला लागला.

पुंजाराम हसला नाही. "म्याच," तो म्हणाला. "तवा सामान नव्हतं. म्हटलं, पुन्हा कधी नीट करू." मग त्यानं स्वतः छिन्नी घेतली आणि तो जोड मुळापासून तोडून काढला. त्या दिवसापासून तो गवंड्याच्या मागं असा लागला की गवंडीच म्हणायला लागला, मॅडम परवडली, पण हा म्हातारा नको. नवा पाईप जोडल्यावर त्यानं दोन दिवस त्यात पाणी भरून ठेवलं आणि तासातासानं हात फिरवून बघितला.

महिन्याच्या आत आठही खोल्या झाल्या. भिंती वाळल्या, खिडक्यांना तावदानं आली, न्हाणीला उतार आला. फेब्रुवारीच्या शेवटी गजाला तिसऱ्यांदा आली. वच्छलाबाईनं भिंतीवर काहीही टांगलं नव्हतं, कॅलेंडरसुद्धा नाही. उलट मॅडम आत येताच तिनं बोट दाखवलं. "ती खिडकी बगा. कडी नीट बसत नाय."

"बारीक गोष्ट आहे, मावशी."

"असू द्या. लिवा."

गजालानं लिहिलं. पुंजाराम बाहेरूनच ओरडला, "उद्या सकाळी बसवतो!" गजालानं टेस्टर भिंतीला लावला, दिवा पेटला नाही. जुनं कार्ड खरवडून काढून तिनं नवं चिकटवलं. पोहे तिनं याही वेळी खाल्ले नाहीत. पण निघताना म्हणाली, "माझी रविवारी सुट्टी असते." वच्छलाबाईला एवढं पुरेसं होतं. रविवारी किती पोहे भिजवायचे त्याचा ती लगेच विचार करायला लागली.

पुढच्या शनिवारी पैठणची बस आली. गोकुळ स्टँडवर गेला होता. रिक्षा लाईनीच्या तोंडाशी थांबली तेव्हा आठही घरांची माणसं बाहेर होती. व्याही आधी उतरले आणि सरळ आत जाऊन त्यांनी भिंतीवर तळहात टेकवला. बराच वेळ टेकवून ठेवला. मग बाहेर येऊन लेकीला म्हणाले, "जा."

वच्छलाबाईनं भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं. तनुजा सायलीला छातीशी धरून आत आली. दिवस कलला होता, खोलीत अंधारून आलं होतं. तिनं सवयीनं एका हातानं खिळा चाचपला. तिथं चप्पल नव्हती.

"आत्याबाई, बटनाची चप्पल कुठाय?"

"मामांनी नेली," वच्छलाबाई म्हणाली. "न्हाणीत जायला वापरतात. म्हणतात, मापात बसती."

"मग लाईट कशी लावू?"

"हातानं. पाय तर ओलेच हायेत तुझे, बघू तरी."

तनुजानं एकदा सासूकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. पलीकडून न्हाणीत बादली ओतल्याचा आवाज आला आणि ताहेराचा आवाज, "दाब गं, दाब! मुद्दाम ओततेय मी!"

तनुजानं डोळे मिटून बटन दाबलं. दिवा लागला. सायलीनं कपाळाला आठ्या घालून डोळे किलकिले केले आणि मोठी जांभई दिली. वच्छलाबाईनं तिला हातात घेतलं, झोळीत ठेवलं आणि पहिला झोका दिला. झोळी भिंतीला जाऊन लागली आणि परत आली.